म्हैसूरची तीन अक्षरे

म्हैसूर शहराच्या वायव्य बाजूला, हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत, इन्फोसिसचे प्रशिक्षण केंद्र तीनशेहून अधिक एकरांच्या आवारात उभे आहे; आणि तेथून फार दूर नसलेल्या मानसगंगोत्री परिसरात, हुणसूर रस्त्यावर, १९६९ साली स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थान आहे. पहिल्या ठिकाणी देशभरातून आलेले हजारो नवे अभियंते प्रोग्रामिंगचे धडे गिरवतात, तर दुसऱ्या ठिकाणी भारतीय भाषांचे कोश, भाषिक नमुन्यांचे संग्रह आणि अध्यापनाची साधने तयार होतात. या दोन संस्थांचा उल्लेख सहसा एका दमात होत नाही, कारण एकीचे नाते उद्योगाशी आणि दुसरीचे भाषाविज्ञानाशी आहे असे मानले जाते. परंतु वेबवरचा मजकूर वाचकापुढे ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये, ही दोन्ही क्षेत्रे एकमेकांना येऊन भिडतात. वेबची नवी साधने, ती शिकवणारी ट्यूटोरियल्स आणि ब्राउझरच्या बातम्या यांची खबर ठेवणे हा प्रश्न मग केवळ नोकरीचा राहत नाही. तो भाषेचाही होतो.

वेबवरचे कोणतेही पान मुख्यतः तीन भाषांत लिहिले जाते. मजकुराची रचना सांगते ती एचटीएमएल, त्या मजकुराचे रूप ठरवते ती सीएसएस आणि पानाला हालचाल व प्रतिसाद देते ती जावास्क्रिप्ट. हे सारे वाचून पडद्यावर प्रत्यक्ष पान उभे करणाऱ्या ब्राउझरच्या आतील यंत्रणेला इंजिन म्हणतात, आणि आज जगात सर्वत्र वापरात असलेली मोठी इंजिने तीनच आहेत: क्रोम व एज यांच्यातले ब्लिंक, सफारीतले वेबकिट आणि फायरफॉक्समधले गेको. या इंजिनांत बदल झाला की जगभरच्या पानांचे वागणे बदलते. म्हणून ज्याला वेबवर काम करायचे आहे त्याला त्यांच्याकडे लक्ष ठेवावेच लागते.

हे लक्ष ठेवणे एके काळी सोपे होते. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी येईपर्यंत २००६ चा ऑक्टोबर उजाडला. त्या पाच वर्षांत एकदा शिकलेले शिळे होण्याची धास्ती नव्हती, पण त्याच काळात वेबची वाढ खुंटली होती हेही विसरता येत नाही, कारण बाजारपेठ हाती असलेल्या ब्राउझरला सुधारण्याची निकडच उरली नव्हती. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आणि सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आले, आणि चित्र पालटले. क्रोमने २०१० मध्ये दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा शिरस्ता सुरू केला. सप्टेंबर २०२१ पासून हे अंतर चार आठवड्यांवर आले, आणि फायरफॉक्सही २०२० पासून चार आठवड्यांच्याच वेळापत्रकावर चालू लागला. प्रत्येक आवृत्तीसोबत काय नवे आले, काय दुरुस्त झाले आणि काय काढून टाकले याची लांबलचक नोंद प्रसिद्ध होते. त्या सगळ्या नोंदी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे कोणाही एका माणसाच्या आवाक्यातले नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये.

ब्राउझरपेक्षाही अधिक दमछाक होते ती साधनांच्या बाबतीत. साधने म्हणजे येथे प्रामुख्याने फ्रेमवर्क, अर्थात पाने व अॅप रचण्यासाठी आधीच बांधून ठेवलेला सांगाडा, ज्यात विकसक आपला कोड भरतो. गूगलचे अँगुलरजेएस २०१० मध्ये आले, हजारो प्रकल्प त्यावर उभे राहिले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच नावाची दुसरी पिढी अशी आली की जुना कोड तिच्यावर जसाच्या तसा चालेना. मूळ अँगुलरजेएसला मिळणारा आधार २०२१ च्या अखेरीस थांबला. फेसबुकचे रिअॅक्ट मे २०१३ मध्ये खुले झाले. त्यातला नवा प्रकल्प सुरू करण्यासाठी २०१६ मध्ये 'क्रिएट रिअॅक्ट अॅप' नावाचे साधन निघाले, असंख्य ट्यूटोरियल्सचा पहिला धडा त्याच आज्ञेने सुरू होऊ लागला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते नव्या प्रकल्पांसाठी वापरू नये असे त्याच्या कर्त्यांनीच जाहीर केले. ज्या विद्यार्थ्याने ते आदल्या वर्षी शिकले असेल त्याला आपले शिक्षण वाया गेले असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्या वाटण्यात तथ्य किती, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'सगळेच बदलते' या सरधोपट समजुतीत सापडत नाही.

या प्रश्नाची धग सर्वांत जास्त कोणाला लागते हे पाहायचे तर म्हैसूरच्या प्रशिक्षणार्थींकडे पाहावे. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात झाली, आणि तिच्या संस्थापकांपैकी नारायण मूर्ती यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमध्ये झाले होते. म्हैसूरहून पुण्याकडे गेलेली ती वाट आता उलट्या दिशेने वाहते. पुणे, नागपूर, सांगली, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले-मुली निवडपत्र हाती पडल्यावर म्हैसूरला येतात आणि काही महिने तेथेच राहून शिकतात. सप्टेंबर २००९ मध्ये या केंद्राच्या दुसऱ्या भव्य वास्तूचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून एका वेळी दहा हजारांहून अधिक जणांना शिकवण्याची सोय तेथे आहे. आधी सर्वांना सामाईक असा पायाभूत अभ्यास आणि मग नेमून दिलेल्या तंत्रज्ञानाचा विशेष अभ्यास, अशी या शिक्षणाची सर्वसाधारण मांडणी असते. कोणाच्या वाट्याला कोणते तंत्रज्ञान आले यावर वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत चर्चा झडते, कारण आपल्याला 'चालणारी' टेक्नॉलॉजी मिळाली की 'जुनी', यावर पुढची नोकरी अवलंबून आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. घरापासून शेकडो किलोमीटर दूर आलेल्या, पहिल्यांदाच पगार घेणाऱ्या या मुलांची ती काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मात्र तिची दिशा चुकते, कारण विशेष अभ्यासातले साधन बदलले तरी पायाभूत अभ्यासातले फारसे काही बदलत नाही, आणि नेमके तेच मुलांना परीक्षेपुरते वाटते.

वेबवरील सगळ्या गोष्टी एकाच गतीने बदलत नाहीत. फ्रेमवर्क आणि त्यांच्या भोवतीची साधने पाच-सात वर्षांत जुनी होतात. ब्राउझर दर महिन्याला बदलतात, परंतु त्यांचे बहुतेक बदल भर घालणारे असतात, आधीचे पुसणारे नसतात. आणि एचटीएमएलची मूळ रचना तर अशी टिकली आहे की टिम बर्नर्स-ली यांनी जीनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९१ च्या सुमारास लिहिलेले पहिल्या संकेतस्थळाचे पान आजच्या ब्राउझरमध्येही उघडते आणि वाचता येते. म्हणून बातमी कानावर आली की ती किती मोठी आहे हे विचारण्याआधी ती कोणत्या थरातली आहे हे विचारावे. वरच्या थरातली बातमी गाजावाजा करत येते, कारण तिच्या मागे कंपन्या, परिषदा आणि अभ्यासक्रम विकणारे असतात. खालच्या थरातली बातमी बहुधा आवृत्तीच्या नोंदीत एका ओळीत येते आणि दशकभर परिणाम करते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे सीएसएस ग्रिड, म्हणजे पानाची आडवी-उभी चौकट थेट ब्राउझरलाच सांगण्याची सोय. त्याआधी ही चौकट साधण्यासाठी विकसकांनी तक्त्यांचा दुरुपयोग केला, मग डावी-उजवीकडे तरंगणाऱ्या खोक्यांची कसरत केली, आणि २०११ मध्ये आलेल्या बूटस्ट्रॅपसारख्या तयार संचांनी ती कसरत गुंडाळून हाती दिली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांनीही एकाच महिन्यात ग्रिड आणली. ज्यांनी केवळ तयार संचाची नावे पाठ केली होती त्यांना काही वर्षांनी सगळे नव्याने शिकावे लागले. ज्यांना पानावरील खोके कसे मापले व मांडले जातात हे कळले होते त्यांना ग्रिड एका आठवड्यात उमगली असेल. हा फरक बुद्धीचा नव्हे, शिकताना लक्ष कोठे दिले याचा आहे.

खालचा थर इतका चिवट का, याचे कारण केवळ तांत्रिक नाही; त्यामागे एक नैतिक निष्ठा आहे आणि तिची दखल फारशी घेतली जात नाही. जावास्क्रिप्टमध्ये याद्यांच्या आतल्या याद्या सपाट करण्याची सोय आणताना तिला 'फ्लॅटन' हे नाव सुचवले गेले होते. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच असे दिसले की मूटूल्स नावाच्या जुन्या संचावर चालणारे एक संकेतस्थळ त्यामुळे मोडते, कारण त्या संचाने तेच नाव आपल्या पद्धतीने आधीच वापरले होते. मूटूल्सचा बहर केव्हाच ओसरला होता. नवे प्रकल्प त्यात कोणी करत नव्हते. तरीही मानक ठरवणाऱ्या समितीने जुनी पाने मोडू न देण्यासाठी आपले नाव बदलून 'फ्लॅट' केले, आणि आज साऱ्या जगात तेच वापरले जाते. कोणी तरी कित्येक वर्षांपूर्वी बांधून विसरून गेलेल्या पानाच्या वाचकासाठी जगाची भाषा थोडी वाकली. वेबच्या इतिहासात अशा गोष्टी अनेक आहेत, आणि नव्या प्रशिक्षणार्थींना त्या पहिल्याच महिन्यात सांगितल्या गेल्या पाहिजेत.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या खालच्या थराचे महत्त्व आणखी जास्त आहे, कारण मराठीचा वेबवरचा सारा संसार तेथेच मांडलेला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा देवनागरी मजकूर वेबवर नीट ठेवण्याची सोय जवळपास नव्हतीच. मानक होते: भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली तयार होऊन १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जाही मिळाला होता, आणि तिच्याच १९८८ च्या आराखड्यावरून युनिकोड या जागतिक प्रणालीने भारतीय लिप्यांची मांडणी घेतली. या मांडणीत प्रत्येक लिपीला स्वतंत्र दालन असले तरी दालनातील जागा समान असतात. देवनागरीचा क ज्या क्रमांकाच्या आसनावर बसतो त्याच आसनावर कन्नडचा क आपल्या दालनात बसतो. मात्र मानक असणे आणि ब्राउझरने ते पाळणे यांत बरीच वर्षे गेली. मधल्या काळात मराठी संकेतस्थळे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेले फॉन्ट वापरत. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसला की वाचकाला मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन चिखल दिसे, आणि शोधयंत्राला तर त्यात मराठी आहे हे कळतच नसे. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर असा नष्ट झाला. कागदावरचा असता तर तो निदान रद्दीत तरी सापडला असता.

युनिकोड रुळल्यावरही काम संपले नाही, हे शहराच्या नावावरूनच दाखवता येते. मराठीत लिहिलेला 'म्हैसूर' हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा दिसतो: म्है, सू आणि र. संगणकाच्या साठ्यात मात्र तो सात चिन्हांचा असतो, कारण तेथे म, हलन्ताची खूण, ह, ऐची मात्रा, स, दीर्घ ऊकार आणि र अशी प्रत्येक गोष्ट वेगळी नोंदलेली असते, आणि जावास्क्रिप्टला शब्दाची लांबी विचारली तर उत्तर सातच मिळते. वाचक ज्याला एक अक्षर मानतो असा चिन्हांचा गट ओळखण्याचा नियम युनिकोडने घालून दिला आहे, पण जुन्या नियमानुसार हलन्ताच्या खुणेनंतर तुकडा पडे, म्हणजे 'म्है' या जोडाक्षराचे 'म्' आणि 'है' असे दोन भाग होऊन शब्द चार अक्षरांचा ठरे. 'स्त्री' या एकाक्षरी शब्दाचे तर तीन तुकडे होत. मर्यादित जागेत मथळा कापणे, परिच्छेदाचे आद्याक्षर मोठे करणे, नावाच्या पहिल्या अक्षराचे वर्तुळातले चिन्ह बनवणे, खेळातली कोडी रचणे, या साऱ्या नित्याच्या कामांत या नियमामुळे मराठी मोडत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत नवा नियम आला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड मानली जाऊ लागली. म्हैसूर मूळ मानकात तीन अक्षरांचे झाले ते तेव्हा.

हा नियम पानावर वापरायचा तर जावास्क्रिप्टमध्ये मजकुराची अक्षरवार विभागणी करणारी सोय लागते. 'इंटल सेगमेंटर' नावाची ही सोय क्रोममध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये, सफारीत २०२१ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये आली. पहिल्या ब्राउझरपासून शेवटच्यापर्यंत पोहोचायला साडेतीन वर्षे लागली, आणि या काळात ज्या मराठी विकसकाला तिची बातमीच नव्हती त्याने आपापल्या परीने तुटपुंजे उपाय लिहिले असतील, जे आजही कोठे तरी चालू असतील. अशी एखादी सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरांत पोहोचली का, हे सांगण्यासाठी २०२३ पासून 'बेसलाइन' नावाची एक खूण वापरली जाते: चारही प्रमुख ब्राउझरांत सोय आली की ती 'नवी उपलब्ध', आणि त्यानंतर तीस महिने उलटले की 'सर्वत्र उपलब्ध' मानली जाते. ज्याला रोज बातम्या वाचायला वेळ नाही त्याने ही एक खूण जरी पाहिली तरी त्याचे पुष्कळ श्रम वाचतील.

पुढचे उदाहरण याहून लहान, पण मराठी माणसाच्या डोळ्याला लगेच जाणवणारे आहे. ल आणि श ही दोन अक्षरे मराठीत ज्या वळणाने लिहिली जातात ते वळण हिंदीतल्या वळणाहून वेगळे आहे. मराठीच्या देवनागरी वर्णमालेचे प्रमाणरूप ठरवणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला. युनिकोडमध्ये मात्र या अक्षरांना भाषेनुसार वेगळे क्रमांक नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एकच असून फरक फक्त वळणाचा आहे. काही देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणे ठेवलेली असतात आणि मजकूर मराठी आहे असे कळले तरच फॉन्ट मराठी वळण पुढे करतो. ते कळवण्यासाठी एचटीएमएलमध्ये पानाच्या अगदी वरच्या खुणेत 'लँग' हा गुणधर्म लिहून त्याला मराठीचा दोन अक्षरी संकेत द्यावा लागतो. हा संकेत नसेल, किंवा इंग्रजी पानाच्या नमुन्यावरून आलेला इंग्रजीचाच संकेत तसाच राहिला असेल, तर फॉन्ट उत्तम असूनही वाचकाला हिंदी वळणाचा ल दिसतो, आणि दृष्टिहीन वाचकासाठी पान मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात उच्चारू पाहते. एका ओळीचा हा प्रश्न आहे. तरीही अनेक मराठी संकेतस्थळांत ती ओळ चुकलेली असते, कारण ज्या ट्यूटोरियलवरून पान बांधले गेले त्यात ती इंग्रजीसाठी लिहिलेली होती आणि तिचा अर्थ कोणी सांगितलेला नव्हता.

येथे प्रश्न ट्यूटोरियल्सकडे वळतो. ट्यूटोरियल म्हणजे एखादे साधन हाती धरून, पायरीपायरीने शिकवणारा धडा, आणि वेबवरचे असे धडे बहुतांश इंग्रजीत आहेत. मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेला आणि आज वेब मानकांचा सर्वांत विश्वसनीय मानला जाणारा संदर्भ, एमडीएन, फ्रेंच, जपानी, चिनी, कोरियन अशा भाषांतही जोपासला जातो. त्या यादीत एकही भारतीय भाषा नाही. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या साहाय्यावर उभा राहिलेला स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प आहे, ज्यात सुमारे दहा मिनिटांच्या दृक्-श्राव्य धड्यांतून मुक्त सॉफ्टवेअर शिकवले जाते आणि मूळ इंग्रजी ध्वनी काढून त्या जागी मराठी, कन्नड अशा भारतीय भाषांतील ध्वनी बसवला जातो. पडद्यावरचे इंग्रजी तसेच राहते, कारण प्रत्यक्ष काम करताना विद्यार्थ्यापुढे तेच येणार असते. समजावणे मात्र त्याच्या भाषेत होते. मास्तर शेजारी नसताना एकट्याने शिकणाऱ्या मुलासाठी धडा कसा असावा याचा इतका बारकाईने विचार भारतात क्वचितच झाला आहे.

परंतु भाषांतरित धड्याला एक अडचण जन्मतःच चिकटलेली असते. मूळ धडा तयार होण्यात काही महिने जातात, संहिता तपासण्यात, तिचे भाषांतर करण्यात आणि ध्वनिमुद्रणात आणखी काही; मराठी धडा विद्यार्थ्याच्या हाती येतो तोवर वरच्या थरातले साधन पुढे निघून गेलेले असते आणि धड्यातला पडदा विद्यार्थ्याच्या पडद्याशी जुळत नाही. म्हणूनच मराठीत आणण्याचे श्रम मोजकेच असतील, आणि ते मोजकेच आहेत, तर ते खालच्या थरावर खर्च व्हावेत. एखाद्या फ्रेमवर्कच्या ताज्या आवृत्तीचा मराठी धडा दोन वर्षांत निकामी होईल. एचटीएमएलची रचना, अक्षरांचे संकेत, पानाची मापे, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद यांवरचा मराठी धडा वीस वर्षे कामाला येईल. आज दिसते ते बरेचसे उलट आहे: मराठीत जे शिकवले जाते त्यात लोकप्रिय साधनांची रेलचेल असते, आणि लँग हा गुणधर्म काय करतो हे समजावणारा मराठी धडा शोधावा लागतो.

ग्रंथ नव्या माध्यमात उतरवून घेण्याची रीत म्हैसूरला नवी नाही. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या येथील प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्री पोथी आली, ग्रंथ लिपीत लिहिलेली. १९०९ मध्ये त्यांनी तिची छापील संहिता प्रसिद्ध केली. ताडपत्र कायमचे टिकत नाही. कोणी तरी, कोठे तरी, पानामागून पान नव्याने उतरवत राहिले म्हणून ती पोथी शामशास्त्रींपर्यंत पोहोचली, आणि उतरवणाऱ्यांनी पानाच्या आकारापेक्षा मजकुराची पर्वा केली म्हणून तिचा उपयोग झाला. साधने बदलताना मजकूर साधनापासून वेगळा, स्वच्छ एचटीएमएलमध्ये आणि प्रमाण युनिकोडमध्ये ठेवावा या आजच्या आग्रहामागे तीच पर्वा आहे.

भारतीय भाषा संस्थानाने २०१६ मध्ये भारतवाणी हे बहुभाषिक ज्ञानद्वार सुरू केले, ज्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांचे कोश एका ठिकाणी पाहता येतात. असे स्थळ चालवणाऱ्यांना ब्राउझरच्या बातम्यांची गरज फ्रेमवर्क वापरणाऱ्या कोणत्याही कंपनीपेक्षा अधिक असते, कारण त्यांच्या पानावर एकाच वेळी अनेक लिप्या नांदतात आणि प्रत्येक लिपीची जोडाक्षरे, मात्रा आणि क्रमवारी वेगळ्या नियमांनी चालते. म्हैसूरमधूनच १९७० पासून निघणाऱ्या 'सुधर्मा' या संस्कृत दैनिकाच्या देवनागरीत मराठीहूनही अवघड जोडाक्षरे असतात. कन्नड भूमीतल्या एका शहरात देवनागरीचे इतके काम व्हावे, आणि शेजारीच हजारो मराठी मुले वेब तंत्रज्ञान शिकत असावीत, हा योग दुर्मिळ आहे. त्याचा उपयोग करून घेण्याचा विचार मात्र अद्याप फारसा कोणाच्या मनात आलेला दिसत नाही.

तो उपयोग कसा होऊ शकतो हे सांगणे कठीण नाही. तिन्ही इंजिने चालवणाऱ्या संस्था चाचण्यांचा एक सामाईक संच वापरतात, ज्यात एखादे पान कसे दिसले पाहिजे हे छोट्या नमुन्यांतून लिहिलेले असते आणि ब्राउझर त्या नमुन्यांवर तपासले जातात. या संचात कोणीही नमुना जोडू शकतो. जागतिक वेब संघाने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा नोंदवणारा दस्तऐवजही चालवला आहे, आणि त्यातही हातभार लावता येतो. इंग्रजीसाठी असे नमुने विपुल आहेत, कारण ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजीच असते. दुसऱ्या भाषेतला दोष त्या भाषेचा वाचकच पकडू शकतो: 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य अर्ध्या चंद्रकोरीसारखा न दिसता रफारासारखा वर चढला, तर कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला त्यात काहीही वावगे दिसणार नाही. युनिकोडमध्ये 'ॲ' या मराठी अक्षराला स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले, तेही अशी नोंद कोणी तरी केली म्हणूनच.

प्रशिक्षणार्थीने दर चार आठवड्यांनी एकदा, नवी आवृत्ती आली की, एक छोटे पान उघडून पाहावे. त्यात म्हैसूर, स्त्री, दुसऱ्या, लक्ष्मी, ॲप असे शब्द असावेत, एक परिच्छेद मोठ्या आद्याक्षराचा असावा, एक मथळा मुद्दाम अरुंद जागेत कोंबलेला असावा, आणि एक संख्या मराठीच्या संकेताने छापलेली असावी, कारण ब्राउझर मराठीसाठी आपोआप देवनागरी अंक वापरतात आणि हिंदीसाठी रोमन, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. काही चुकलेले आढळले तर त्याची नोंद ब्राउझरच्या खुल्या दोषसूचीत करावी: आवृत्तीचा क्रमांक, संगणकाची प्रणाली, फॉन्टचे नाव, पडद्यावर काय दिसले त्याचे चित्र आणि काय दिसायला हवे होते त्याचे चित्र. इतके लिहायला अर्धा तास लागतो. हे करणाऱ्याला जावास्क्रिप्टची कोणती फ्रेमवर्क सध्या चलतीत आहे हे माहीत नसले तरी चालेल, आणि महिन्याभरात ती नोंद वाचून कोणी प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर देता यावे एवढे आपल्या भाषेच्या लिपीबद्दल मात्र ठाऊक असावे.